अर्धा गालिचा

मुंबईच्या गोदीत बोटीची शिडी उचलायची वेळ झाली तरी अम्मानं माझी बाही सोडली नव्हती. रत्नागिरीहून आणलेली चटईची गुंडाळी तिनं माझ्या काखेत कोंबली. म्हणाली, "परक्याच्या अंथरुणावर मिंधा होऊन निजू नको. आणि हक्काचं असेल ते मागायला लाजू नको." पहिलं मी पाळलं नाही. दुसरं इतकं पाळलं, की त्यापायी एका अरब घराण्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला दुबई म्हणजे उंच इमारती वाटतात. साठच्या दशकात दुबईच्या देरा भागात खाडीकाठी मातीच्या भिंती होत्या आणि पिण्याचं पाणी गाढवावरून येई. मी बोटीतून उतरणाऱ्या मालाची रिकामी खोकी विकत घेऊन त्यांच्या फळ्या विकायचो. खोली अबू सालेमची, त्याच्या गोदामाच्या माडीवर. घासाघीस करताना मी त्याच्या तोंडून वदवून घेतलं होतं: खोली गालिच्यासकट. लाल, भिंतीपासून भिंतीपर्यंत. लगेच झुबेदाला लिहिलं, तुझ्या नवऱ्याच्या पायाखाली लाल गालिचा आहे. पुढच्या प्रत्येक पत्रात तो थोडा जास्तच लाल होत गेला.

आपल्या गावाची मुंबईत खोली असते ना, गावच्या कुणीही येऊन पथारी टाकावी अशी? तशीच माझी झाली. बोटीतून उतरला की आपला माणूस थेट माझ्या जिन्यावर. कधी आठ, कधी दहा. सहा वर्षांत गालिच्याच्या मधोमध टक्कल पडलं, खालचे तागाचे धागे दिसायला लागले. आणि नेमकं तेव्हाच झुबेदाचं पत्र आलं: मुलीला घेऊन पुढच्या बोटीनं येते, लाल गालिचा बघायचाय.

मी तणतणत अबू सालेमच्या बैठकीत गेलो. त्यानं हातात कॉफीचा कप दिला. आपली रीत काय, यजमानानं दिलेलं आधी पोटात घालायचं, मग तोंड उघडायचं. मी प्यालो आणि मग गालिच्याचं काढलं. तो खजुरांच्या भावाबद्दल बोलत राहिला.

त्याच्याकडे स्वयंपाकाला असलेले हसनचाचा दापोलीकडचे. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कॉफी प्यालास?"

"प्यालो."

"मग खलास. गाढवा, इथं मागणं असलं की कप न पिता खाली ठेवतात. प्यालास म्हणजे तुझं काही मागणंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी कप घेतला आणि समोर ठेवला. अबू सालेम माझ्याकडे बघत राहिला. मुंबईला व्यापार केलेला माणूस, हिंदी उत्तम.

"किसने सिखाया?"

"आपके पड़ोस ने."

"बोलो."

मी म्हटलं, कालीन. जाळलं असतं, फाडलं असतं तर मी भरून दिलं असतं. चालून चालून झिजलं. छत गळलं तर तुमचं, मग पायाखालचं कुणाचं?

"हबीबी, कमरा एक आदमी को दिया. सोते हैं दस."

"सोने से नहीं घिसता. चलने से घिसता है."

"इन्शाल्ला, देखेंगे."

मी कपाला हात लावला नाही. "बोट जुम्मे को आ रही है. उसके पहले."

डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. "ठीक. अब पी लो, ठंडी हो गई."

गुरुवारी हमाल नवा गालिचा घेऊन आला. लालच, पण निजायच्या पथारीपेक्षा जरासाच मोठा. सोबत निरोप: एक आदमी का. मी तो गुंडाळून परत न्यायला निघालो होतो, माझा आरडाओरडा साऱ्या गल्लीत गेला असेल. हसनचाचांनी मला जिन्यातच अडवलं.

झुबेदा आली. दारात उभी राहून तिनं जमीन बघितली, मग मला बघितलं. मी अबू सालेमच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली. ती म्हणाली, "पुरे आता. टक्कल मधेच आहे ना?" आणि नवा तुकडा बरोबर मधोमध टाकला. भिंतीकडेला गालिचा विटला होता, तिथं तिनं अम्माची चटई उलगडली. सहा वर्षं ती मी गुंडाळीतून सोडलीही नव्हती. त्या दिवशी त्या माडीवर मला पहिल्यांदा नीट झोप लागली, पण माझ्या हिशेबी अबू सालेमकडे अर्धा गालिचा राहिला तो राहिलाच.

आता ती माडी नाही. माझी नात जबल अलीला ऑफिसात आहे. तिच्या फ्लॅटचं कार्पेट झिजलं तेव्हा मी विचारलं, मालकाकडे गेलीस? म्हणाली, "दादा, आय सेंट ॲन ईमेल." कप कुठे ठेवला असेल तिनं?

गेल्या वर्षी गावी गेलो. भावजयीनं पाहुण्यांसाठी जपलेली कोरी सतरंजी अंथरली. मी म्हटलं, रोजची टाक. ती म्हणाली, "तुम्हाला रोजची कशी टाकू, भावजी?" याच घरात चटईच्या मऊ कडेसाठी मी आणि भाऊ एकमेकांना लाथा मारायचो. आता तो स्वतः जमिनीवर बसला आणि सतरंजी मला सोडली. मी तिच्या कडेला अंग चोरून बसलो.

अबू सालेम गेला. दर ईदला मी त्याच्या मुलाकडे जातो. कॉफी येते, मी कप खाली ठेवतो, "अर्धा बाकी है" म्हणतो. तो "इन्शाल्ला, चाचा" म्हणतो, आम्ही हसतो. यंदा कप हातात देतानाच तो म्हणाला, "चाचा, पूरे कमरे का कालीन मंगवाया है. आज ही गाड़ी में डाल देता हूँ. पूरा हिसाब."

मी कप खाली ठेवला नाही. गरम होती, तरी एका घोटात पिऊन टाकली.

"इस बार मुझे कुछ नहीं मांगना," मी म्हटलं. "अगली ईद को देखेंगे."