सगळ्यात जास्त आवाज करणारा एसी

आमच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जे जोडपं राहायला आलं, त्यातल्या नवऱ्याला कासव म्हणायचे. तो शाळेची बस चालवायचा, आणि इतकी सावकाश, की सायकलवालेसुद्धा घंटी वाजवत पुढे निघून जायचे. नाव पोरांनी ठेवलेलं, पण त्याला त्याचा कोण अभिमान! "पाठीवर लेकरं बसल्यावर कासवच व्हावं लागतं," म्हणायचा.

बायको त्याच्या अगदी उलट. तिची जीभ चारचार गाड्यांना मागे टाकून पुढे जायची. इमारतीतली प्रत्येक बातमी माझ्या तोंडून फुटते असा आरोप ठेवून तिने मला 'भोंगाभावोजी' केलं होतं. आरोप खरा होता, पण ते जाऊ दे.

आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढून त्यांनी ही जागा घेतली आणि सामान लावून होण्याआधीच वहिनींच्या छातीचं दुखणं कळलं. बरं होण्यातलं नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, उकाड्याने दम जास्त लागेल, खोली थंड ठेवा. वरचा मजला, डोक्यावर तापलेला स्लॅब. एसी घेणं आलंच.

कासवाला घासाघीस जमत नाही, म्हणून दुकानात मला सोबत नेलं. तिथे हा गृहस्थ एकेक एसी चालू करायला लावून त्याच्याखाली डोळे मिटून उभा! मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक एसीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इंजिनाचं दुखणं तो असंच ऐकायचा. केसांना जेल लावलेला विक्रेता धावत आला.

"काका, एसी आहे तो, ट्रक नाही!"

"कळलं. पण याचा पंखा घासतोय."

"अहो, कंपनीत तपासून येतो माल."

"मग कंपनीचे कान तपास."

मी पोट धरून हसत होतो. विक्रेता वैतागून म्हणाला, "इतका शांत कशाला हवाय तुम्हाला? घरात काय तानपुरा लावायचाय?"

कासव म्हणाला, "बायको आजारी आहे. रात्री तिने हाक मारली आणि मला ऐकूच आली नाही, तर?"

त्यानंतर विक्रेत्याने निमूटपणे दुकानातले सगळे एसी लावून दाखवले. शेवटी एक सापडला, चालू आहे की बंद तेच कळेना असा. ऐपतीच्या जरा बाहेरचा होता. मी जीव तोडून भाव पाडला आणि कासवाने आगाऊ पैसे भरले.

प्रत्यक्षात घरी बसला तो भलताच. खिडकीत बसवायचा, ठोकळ्यासारखा. सुरू झाला आणि खालच्या मजल्यावर माझ्या कपातला चहा थरथरला. मी अर्थातच वर धावलो. भांडण चुकवून कसं चालेल?

"मीच फोन करून बदलून घेतला," वहिनी सांगत होत्या. "कितीतरी स्वस्त पडला. गारवा काय कमी आहे?"

"अगं, कानठळ्या बसतायत!"

"जन्मभर बसच्या इंजिनाशेजारी बसलात, तेव्हा नाही बसल्या त्या?"

"आणि तू हाक मारलीस तर?"

"मी कशाला मारू हाक? असं काय ठेवलंय तुमच्याजवळ मागण्यासारखं? हो की नाही हो, भोंगाभावोजी?"

त्या हसल्या. हसण्याचा खोकला झाला, आणि तो बराच वेळ थांबेना.

दुसऱ्या दिवशी कासव तणतणत दुकानात गेला. मागोमाग मी. विक्रेत्याने आम्हाला पाहून आधीच हात जोडले.

"काका, माझी चूक नाही. काकू आल्या होत्या."

"आली होती? इथे?"

"रिक्षाने. खुर्चीत बसल्या, पण कितीतरी वेळ बोलताच येईना. मग म्हणाल्या, सगळ्यात जास्त आवाज करणारा एसी कोणता? मला वाटलं, थट्टा करतायत. म्हणाल्या, रात्रभर मी खोकते आणि ते जागतात. परवा सिग्नलला स्टिअरिंगवरच त्यांचा डोळा लागला. पोरं हसत होती, असं बसमध्ये पोरांना सांभाळणाऱ्या ताईंनी मला सांगितलं. गाडीत लोकांची लेकरं असतात रे. माझा खोकला बुडेल असा एसी दे, आणि त्यांना सांगू नकोस. शपथ घातली होती, काका. मोडली मी."



"बदलून देऊ?" विक्रेत्याने विचारलं.

"नको," कासव म्हणाला. "राहू दे."

घरी आल्यावर त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं, "बदलून देत नाही म्हणतो मेला!" वहिनींनी माझ्याकडे बघून असा डोळा मिचकावला, की जणू लढाई जिंकली.

कासवाने त्याच आठवड्यात बस दुसऱ्याच्या हाती सोपवली आणि बसगाड्या धुवायचं काम मागून घेतलं. घरी पत्ता लागू दिला नाही. सकाळी तोच ड्रायव्हरचा गणवेश चढवून निघायचा. ही बातमी मला ठाऊक होती आणि तरी इमारतीत कुणाला कळली नाही. यावरून काय ते समजा.

वहिनी गेल्या. नातेवाईक पांगल्यावर एका सकाळी मी त्याच्याकडे जाऊन बसलो. एसी बंद होता. मी काही विचारलं नव्हतं, तोच बोलायला लागला.

"मला सगळं ऐकू यायचं रे. त्या गोंगाटातूनही. खोकला, उठून बसणं, पेल्यासाठी चाचपडणं. उशीत तोंड खुपसून खोकायची, तेसुद्धा."

"मग उठत का नव्हतास?"

"उठून पाठीवरून हात फिरवला असता, तर तिला कळलं असतं ना, की एवढा आवाजही पुरत नाही. डोळे मिटून पडून राहायचो." तो तळहात उताणा करून त्याच्याकडे बघत बसला. "सकाळी विचारायची, झोप लागली का हो? मी म्हणायचो, मेल्यासारखा झोपलो. केवढी खूष व्हायची!"