दुसऱ्या पानावरची सही

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. आणि त्याला माझं बहुतेक सगळं माहीत असतं — कुठल्या शूटवर मी रडले, कुठल्या दिग्दर्शकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, सगळं. हे मात्र नाही. सात वर्षं झाली. दरवर्षी वाटायचं, आता जुनं झालं, आता विरून जाईल. नाही विरलं. मीच दमत गेले. म्हणून सांगतेय, दुसरं काही कारण नाही.

आधी मी कोण ते सांगायला हवं. मी पुण्याची, कोथरूडची. फोटोग्राफी शिकले होते, पण डब्लिनला आले ती नवऱ्याच्या नोकरीमागे. तो चेरीवूडच्या ऑफिसात, मी घरात. सुरुवातीला आपल्या लोकांच्या मुलांचे वाढदिवस शूट केले, शेजारच्या आयरिश घरांतल्या मुलांच्या कम्युनियनचे, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या सोहळ्याचे, व्हिडिओ केले. मग एका डॉक्युमेंटरीवर कॅमेऱ्याच्या पेट्या उचलायला लागले. मग लेन्स बदलायला, मग फोकस सांभाळायला. दहा-बारा वर्षांनी स्वतः कॅमेरा करायला लागले. आडव्या पावसात, बोटं बधिर होईपर्यंत. कुणी हात धरून पुढे नेलं नाही, हे मी तेव्हा फार अभिमानानं सांगायचे.

इथे सिनेमॅटोग्राफर लोकांची देशभराची एक संस्था आहे. मी तिची सभासद झाले तेव्हा तिथे आपल्याकडचं दुसरं कुणीच नव्हतं. सगळे मला 'अवर व्रिंडा' म्हणायचे. वृंदाचं व्रिंडा झालं, तेही मला आवडायचं. दोन वर्षांत संस्थेचं बातमीपत्र माझ्याकडे आलं — कुणाला कुठली मालिका मिळाली, कुणाला कुठलं बक्षीस, कोण गेलं. आणि त्याच्या जोडीला वार्षिक पुरस्कारांच्या प्रवेशिका गोळा करण्याचं काम. फुकटचं, कंटाळवाणं काम. पण त्यामुळे मी सगळ्यांना हवी होते ना? खरं सांगायचं तर मला तेवढंच पाहिजे होतं.

मग अश्विनी आली.

वर्ध्याची मुलगी, चोवीस-पंचवीसची. मेनूथच्या कॉलेजात शिकायला आलेली. कुणीतरी माझा नंबर दिला म्हणून तिनं फोन केला आणि पहिल्याच वाक्यात मला ताई म्हणाली. डब्लिनच्या कडेला, ओंगारला आमच्या घरी जेवायला यायची. येताना हात रिकामे नसायचे, जाताना भांडी घासून जायची. मी तिला काय काय सांगायचे — कुणाला कसा मेल लिहावा, सेटवर कुठे उभं राहू नये, थंडीत बॅटऱ्या खिशात का ठेवाव्यात. ती वहीत लिहून घ्यायची. मला तिची माया होती. होती म्हणतेय, तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

त्या वर्षी तिनं नवोदितांच्या पुरस्कारासाठी आपली फिल्म पाठवली. वीस-बावीस मिनिटांची, कॉलेजातली. तिच्या वर्गातल्या एका मुलानं दिग्दर्शित केलेली, कॅमेरा हिचा. नुसतं कौतुक होण्याचा प्रश्न नव्हता. ज्याला हा पुरस्कार मिळे, त्याला एखाद्या मोठ्या मालिकेवर अनुभवी माणसाच्या हाताखाली सहा महिने घेत. शिक्षण संपल्यावर इथे राहायची तिची परवानगी काही महिन्यांचीच होती. तेवढ्यात कॅमेऱ्याचं काम मिळालं तर मिळालं.

प्रवेशिका नीट उघडतात का, हे बघणं माझं काम. मंगळवारी सकाळी, नवरा ऑफिसला गेल्यावर, मी ती फिल्म किचनमध्ये लॅपटॉपवर लावली. किल्डेअरमधल्या मशरूमच्या शेडवरची होती. काळोखी शेड, छतापर्यंत मशरूमचे मजले, आणि लाटव्हियाहून आलेली एक बाई ढकलगाडीवर उभी राहून ते खुडतेय. अश्विनीनं स्वतःचा एकही लाइट लावला नव्हता. त्या बाईच्या गाडीवर एक छोटा दिवा होता, तेवढ्याच उजेडात सगळं. एका शॉटमध्ये ती बाई हातमोजा काढते, घड्याळ बघते. आधी फक्त मनगट दिसतं. मग ती जराशी वाकते आणि तिचा चेहरा त्या उजेडात येतो — दमलेला, ओला, किती सुंदर. कॅमेरा हलत नाही. वाट बघतो.

मी पातेलं घासायला घेतलं होतं, ते तसंच राहिलं. मी तो शॉट चार वेळा पाहिला. आणि मला स्वच्छ कळलं की इतक्या वर्षांत असा एकही शॉट मी घेतलेला नाही. पुढेही घेणार नाही. तुम्हाला कधी असं कळलंय? बरं वाटायला पाहिजे होतं ना — आपली पोरगी, आपल्या हाताखाली शिकलेली. नाही वाटलं. मनात आलं, पुढच्या वर्षी हे लोक 'अवर अश्विनी' म्हणतील.

मग मी तिचा फॉर्म पाहिला. दुसऱ्या पानावर दिग्दर्शकाची सही राहिली होती.

यात विशेष काही नव्हतं. दरवर्षी निम्मे लोक ते दुसरं पान विसरायचे. मी फोन करायची, ते सही करून पानाचा फोटो पाठवायचे, दहा मिनिटांत काम संपायचं. त्याही आठवड्यात मी दोघांना फोन केले. त्यातला एक केविन, ब्रे गावचा मुलगा, साधा, विसराळू. शुक्रवारी पाचला मुदत संपत होती. त्याला मी साडेचारला फोन करून अक्षरशः कामातून उठवलं. "यू आर अ स्टार," म्हणाला. सही आली. ठीक.

अश्विनीला केला नाही.

विसरले असते तर हे लिहिलंच नसतं. मी विसरले नव्हते. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, रोज तो फॉर्म उघडत होते आणि बंद करत होते. शुक्रवारी पाच वाजून पाच मिनिटांनी मी तिच्या नावापुढे 'अपूर्ण' असं लिहिलं. मग चहा टाकला.

सोमवारी प्रवेशिकांची यादी सगळ्यांना गेली आणि तिचा फोन आला. "ताई, निवड नाही झाली तर ठीक आहे, पण अपूर्ण काय? काय राहिलं माझं?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती, हे लक्षात घ्या. परीक्षक बसणार होते पुढच्या आठवड्यात. आमच्या अध्यक्षबाई इतक्या सैल स्वभावाच्या, की मी एक शब्द टाकला असता तर "ग्रँड, घेऊन टाक" म्हणाल्या असत्या. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अगं, सही राहिली होती. मी मेल केला होता तुला, गुरुवारीच. बघितला नाहीस का?"

किती सहज आलं ते तोंडातून. आवाजही बदलला नाही माझा.

तिनं दोन दिवस तो मेल शोधला. मग तिचाच मला लांबलचक मेसेज — ताई, सापडत नाही, स्पॅममध्ये जाऊन माझ्याच हातून डिलीट झाला असेल, चूक माझीच, तुम्ही एवढं करता आणि मी असा वेंधळेपणा केला, सॉरी. मी तिला लिहिलं, "असू दे गं. पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष तिच्याकडे नव्हतं, हे मला माहीत होतं.

पुरस्कारांचा कार्यक्रम एका छोट्या थिएटरात होता, संध्याकाळचा. मी तिला पास दिले. का दिले? अपराधी वाटत होतं म्हणा, की आपण किती चांगले आहोत हे स्वतःलाच दाखवायचं होतं म्हणा. ती वडिलांना घेऊन आली. ते तिच्या पदवीदानासाठी वर्ध्याहून आले होते — शाळेतले निवृत्त शिक्षक, इस्त्रीचा सफारी, वर लेकीचं जाड जाकीट. त्यांनी माझ्यासाठी जवसाच्या चटणीची बरणी आणली होती. दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरून म्हणाले, "पोट्टी सांगते, ताईनं लय केलं माह्यासाठी. इतक्या दूर आपलं मानूस भेटनं म्हणजे लहान गोष्ट नाही जी." मी बरणी घेतली. वाकून नमस्कारही केला.

नवोदितांचा पुरस्कार केविनला मिळाला.

तो चांगला मुलगा आहे, त्याचा काही दोष नाही. स्टेजवर गेला, आईवडिलांचे आभार मानले, आणि मग हसत हसत म्हणाला की मी इथे उभाच नसतो, मी सहीसुद्धा विसरलो होतो, पण शुक्रवारी साडेचारला व्रिंडानं मला फोन केला, तिच्यासाठी टाळ्या वाजवा.

वाजल्या टाळ्या. लोक मागे वळून माझ्याकडे बघायला लागले. अश्विनी माझ्या शेजारी होती, तिच्या पलीकडे तिचे वडील. त्यांना इंग्रजी भराभर समजत नव्हतं, त्यांना एवढंच कळलं की ताईचं कौतुक चाललंय. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनी वाजवल्या. अश्विनीचे हात मांडीवर होते.

बाहेर लॉबीत वडील कोट आणायला गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, त्याला फोन केला होता?"

विचारलं म्हणजे नुसतं विचारलं. आवाजात काही नव्हतं. आजही मला ठरवता येत नाही — तिला कळलं होतं का? की ती मला एक संधी देत होती? काही का असेना, तेव्हा तरी बोलायला हवं होतं की नको?

"तुलाही केला होता गं," मी म्हणाले. "लागला नाही."

ती म्हणाली, "हो. माझ्या खोलीत रेंज नसतेच कधी." ती सबब मला सुचलीही नव्हती. तिनंच ती माझ्या हातात आणून ठेवली.

त्या उन्हाळ्यात तिनं बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. कॅमेऱ्याचं काम मिळालं नाही. परवानगी संपत आली तशी तिनं चेरीवूडला एका कंपनीत नोकरी धरली — लोकांची कागदपत्रं पूर्ण आहेत का ते तपासायचं काम. मग लग्न झालं, नवराही इथलाच, आयटीतला. आता ती ओंगारलाच राहते, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. दर महिन्याला मी बातमीपत्र काढते, आणि वर्षातून दोन-तीनदा तरी त्यात केविनची बातमी असते. ही मालिका, तो पुरस्कार. मीच लिहिते. अश्विनीचं नाव त्या बातमीपत्रात कधीही आलेलं नाही.

तिचं करिअर गेलं, हे वाईट आहेच. पण कदाचित तसंही नसतं झालं काही, कुणी सांगावं? तेवढ्यावर मी स्वतःला गप्प बसवू शकले असते. मला झोंबतं ते वेगळंच. चार लोक जमले, सिनेमाचा विषय निघाला, की ती हसत हसत सांगते — मी पण होते हो कॅमेऱ्यावर, पण अशी वेंधळी, की एक फॉर्म धड भरता आला नाही मला, विचारा ताईंना. लोक हसतात. तिचा नवरा तर तिला घरात वेंधळीच म्हणतो, लाडानं. ती दाराचं कुलूप तीनदा ओढून बघते. मेल पाठवायच्या आधी नवऱ्याला वाचायला देते. ती आधी अशी नव्हती. थंडीतल्या बॅटऱ्यासुद्धा ती नंबर घालून ठेवायची. वेंधळेपणा तिच्यात नव्हता. तो मी तिला दिला, आणि तिनं तो स्वतःचा म्हणून सांभाळला.

आणि ती 'विचारा ताईंना' म्हणते तेव्हा मी काय करते? मीही हसते.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीचा पाचवा वाढदिवस झाला. घरात पंधरा-वीस माणसं, पोरं ओरडताहेत, डोक्यावर ट्यूब भगभगतेय. केक टेबलावर आला तशी अश्विनी म्हणाली, थांबा जरा. तिनं टेबल ओढून खिडकीजवळ नेलं. पडदा अर्धा सारला. मग मला म्हणाली, "ताई, तुम्ही बटणाजवळ आहात ना, तेवढा लाइट बंद करता?"

मी बंद केला. "मम्मी, इट्स टू डार्क!" पोरगी तिच्या आयरिश हेलात ओरडली. अश्विनी फोन धरून वाकून उभी राहिली. सगळे "काढ ना लवकर" म्हणत होते, पण ती काढेना. वाट बघत होती. पोरगी वैतागून मेणबत्तीकडे वाकली, चेहरा उजेडात आला, आणि तेव्हा तिनं फोटो काढला. एकच.

मग सगळ्यांना सोडून तो फोन घेऊन ती माझ्याकडे आली. त्या वर्षानंतर तिनं काढलेलं काहीही मला दाखवलं नव्हतं. "बरा आलाय का हो, ताई?"

तो फोटो मी अजून विसरलेले नाही. या देशात आमच्या संस्थेतल्या किती जणांना तसा काढता येईल, तेही मला माहीत आहे. तिच्या डोळ्यांकडे न बघता मी म्हणाले, "छान आलाय." आणि केकची प्लेट घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.