पत्र्याची भिंत

आमच्या वॉर्डात निवडून आल्या त्या सुनंदाताई, दवाखान्यातल्या नर्स. प्रचारात त्या एकच बोलायच्या : ऊन दरवर्षी वाढतंय, झाडं लावू, पत्र्याची घरं गार करू. मी हसलो होतो. हवामानावर कोण मत देतं?

निकाल ऐकून थक्क झालो. कपडे द्यायला गेलो तेव्हा इस्त्रीवाल्या शेवंताबाईंना विचारलं, "तुम्ही कुणाला दिलंत?"

"ताईंनाच. बाकीचे दारातूनच हात जोडून गेले. त्या भरदुपारी आत बसल्या. म्हणाल्या, मावशी, इथं नातू झोपतो कसा?"

मी आत गेलो. सहज भिंतीला हात टेकवला आणि चटका बसून मागे घेतला. हवामान मला बातमी वाटायचं. वीस वर्षं या दारात येत होतो. उंबरा आज पहिल्यांदा ओलांडला.