वैशालीनं बाक सोडला नाही

वैशाली गेल्याचं सांगायला तिच्या नवऱ्याचा फोन आला, तेव्हा मी डबा भरत होते. कर्करोगानं तिला वर्षभर छळलं होतं, बातमी अनपेक्षित नव्हती... तरी पोळी हातातच राहिली.

अमडापूरच्या शाळेत सातवीत आम्ही एका वर्गात होतो. त्या वर्षी मला काय झालं, ते आजही नीट सांगता येत नाही. घरात काही घडलं नव्हतं. फक्त सकाळी उठावंसं वाटेना. खेळ नको, जेवण नको. कुणी हाक मारली तरी अंगाची आग व्हायची. एकदा मधल्या सुट्टीत एक मुलगी नुसतं "हास ना वं" म्हणाली, तर मी तिचा डबा भिरकावला आणि तिच्या हाताला कडकडून चावले. वर्गानं मला वाळीत टाकलं. बाईंनी शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. घरी आई म्हणायची, "माजली पोरगी."

दुसऱ्या दिवशी वैशाली दप्तर उचलून माझ्या बाकावर आली. मुलींनी तिच्याशीही बोलणं सोडलं, लंगडीच्या संघातून तिला काढलं. खेळाचं तिला केवढं वेड! तिला रडताना पाहून मी खेकसले, "जाय ना त्याइच्याकडं! काऊन बसली इथं?"

नाक पुसत ती म्हणाली, "तुया लय राग येऊन राह्यला मले. पन जात नाही."

पुढं एका संध्याकाळी ती आमच्या घरी येऊन आईसमोर उभी राहिली. "काकू, थे माजली नाही. 'मले जगावंच वाटत नाही' म्हन्ते. तिले दवाखान्यात न्या."

आई हबकली. बाबांनी मला बुलढाण्याला डॉक्टरांकडं नेलं. ह्याला नैराश्य म्हणतात, हे आम्हाला तिथं कळलं. बरं व्हायला वेळ लागला, पण झाले. माझं गुपित फोडलं म्हणून कितीतरी दिवस मी वैशालीशी बोलले नाही. तेवढे दिवस ती मुकाट शेजारी बसली.

लग्नानंतर साखरखेर्ड्याला ती ब्लाउज शिवायची. परवा तिच्या घरी गेले, तर शिवणाच्या खोलीत, बंद मशीनजवळ, शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली बसलेल्या. एकीचे डोळे सुजलेले. "कुलूप लावनार होतो," तिचा नवरा हळूच म्हणाला, "पन ह्या पोरी शाळा सुटली की येतात."

"मावशी तर नाही आता... मग काऊन येता?" मी विचारलं.

सुजल्या डोळ्यांची मुलगी खालच्या चिंध्या गोळा करत म्हणाली, "मावशी काही इचारे नाही. नुसतं बसू देये."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.