वाकून दाखवणारा गोरक्ष

विंचूरच्या कांद्याच्या खळ्यावर गोरक्षनं उभं आयुष्य गोण्या वाहिल्या. मग मणक्यातली गादी फुटली आन् गडी आडवा पडला. नाशिकच्या एका डॉक्टरनं तिथं कृत्रिम गादी बसवली. गोणी कायमची सुटली, पण गोरक्ष सरळ चालायला लागला. खळ्यावर गोण्यांची तोंडं शिवायला बसला की हमाल डिवचायचे, "काय रं, नव्या गादीवर झोप लागती का?"

डॉक्टर गावोगाव शिबिरं घ्यायचा. गोरक्षला स्टेजवर उभं करायचा. गोरक्ष कमरेतून वाकून बोटं जमिनीला टेकवायचा. लोक टाळ्या वाजवायचे. त्यालाही ते लय गोड लागायचं.

एकदा टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याची थोरली बहीण अंबूबाई होती. शेवंतीच्या पाट्या वाहून तिची कंबर गेली होती.

"अक्का, घे करून. मी हाय ना," गोरक्ष म्हणाला.

तिनं त्याच डॉक्टरकडं ऑपरेशन करून घेतलं. थोड्याच दिवसांत गादी हाडात रुतली, पाय बधिर झाले. इंदिरानगरच्या दुसऱ्या डॉक्टरनं फोटो बघून कपाळाला आठ्या घातल्या. "यांची हाडं ठिसूळ आहेत. अशा हाडांत ही गादी बसवत नाहीत. आधी तपासली नव्हती का?"

असं काही तपासायचं असतं, हे गोरक्षला कुणी सांगितलंच नव्हतं.

अंबूबाई आता बाजेवर असते. लघवीलासुद्धा सून उचलून नेते. भावाला एका शब्दानं बोलत नाही. चहा घेतला का, एवढंच विचारते. तेच त्याला सोसत नाही.

विंचूरच्या मंदिरात पुन्हा शिबिर लागलं. आपली कंबर बघून आणखी कुणाला भुलू द्यायचं नाही, असं ठरवूनच गोरक्ष गेला.

"गोरक्षभाऊ, दाखवा वाकून," डॉक्टर म्हणाला.

"नाय वाकत. माझ्या अक्काचे पाय गेले यात. हाडं तपासल्याबिगर कुणाला हात लावू देऊ नका."

डॉक्टर हसला. "लाखात एखाद्याचं होतं असं. वयानं हाडं झिजली, त्याला गादी काय करणार?"

पुढंच नवसाबाई बसली होती. टोमॅटो खुडून खुडून कमरेत पार मोडलेली.

"तुझ्या अक्काचं लय वाईट झालं, बाबा," ती म्हणाली. "पण तुझी कंबर दुखती का आता?"

खोटं बोलावं असं गोरक्षच्या फार मनात आलं. पण सगळं गाव त्याला रोज चालताना बघत होतं.

"नाय," तो म्हणाला.

"मंग सरक जरा," म्हणत नवसाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आन् नाव लिहायच्या टेबलाकडं निघाली.