मुरडलं की मुरदद

नागनाथनं बत्तीस वर्षं कर्नाटकातल्या आळंदच्या बाजारात पोती उचलली. पोत्यात लोखंडी आकडा रुतवायचा, गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ ठेवायची. हाडं बसवायची विद्या त्याला सासऱ्यानं दिली. वयानं पोती सुटली, हाडं सुटली नाहीत. खजुरी या त्याच्या गावात किंवा आसपास कुणी पडलं की लोक त्याच्याच अंगणात येऊन बसायचे.

सासऱ्याची शिकवण मोजकी होती. आधी ज्याला दुखतंय त्याला विचार. मग हाडावरून अंगठा फिरव; पायरी लागली तर मोडलंय. नाहीच लागली तर लांबून टिचकी मार; हाड मोडलं असेल तर माणूस मोडल्या जागी कळवळतो. मोडलेल्याला बांबूच्या कामट्या, मुरडलेल्याला तेल आणि आवळून पट्टी. यातलं काही गाळायचं नाही.

त्या मंगळवारी त्यानं गाळलं.

अंगणात पाच जण होते. चंद्रम्मा मनगट पोटाशी धरून बसली होती. शेजारच्या गावची बाई. रोज शंभर ज्वारीच्या भाकरी थापून खानावळीला द्यायची, घर त्यावर चालायचं. बरोबर सून होती, राजश्री, उदगीरकडची. घरात चंद्रम्मा कानडीच बोलायची आणि सुनेचं कानडी अजून कच्चं होतं.

"काय झालं गं?" नागनाथनं सुनेलाच विचारलं.

"न्हाणीत पडल्या मामा. हात मुरडलाय म्हणायल्यात."

त्यानं अंगठा फिरवला. सूज लागली, पायरी लागली नाही. दोन वर्षांपासून त्याच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. टिचकी मारायची राहिली. तेल चोळलं. चंद्रम्मानं पदर दातात धरला. त्यानं पट्टी आवळली आणि नवव्या दिवशी यायला सांगितलं.

दुपारी बाराला तो गुरुशांतप्पाच्या हॉटेलात गेला. खुर्ची ओढली तसा गुरुशांतप्पा चुलीपासून ओरडला, "कुर्ची काल मुरदद! दुसरी घे अण्णा. तू पडलास तर तुला कोण बांधायचं?"

दोघं-तिघं हसले. नागनाथही हसला, बाकावर बसला, चहाचा एक घोट घेतला. दुसरा घोट तोंडाशीच थांबला.

मुरदद. कानडीत मोडलंय. काल म्हणजे पाय. खुर्चीचा पाय मोडलाय.

चंद्रम्मा घरी मुरदद म्हणाली असणार. सुनेनं ते मुरडलंय असं ऐकलं असणार. आणि त्यानं, ज्याला दोन्ही भाषा येतात, चंद्रम्माला तोंड उघडायला लावलंच नाही.

"कुठं निघालास? च्या तरी पी की."

"सकाळी बांधलेला हात सोडायचाय."

"नवव्या दिवशी सोडतास न्हवं? आज कामून?"

तो उत्तर द्यायला थांबला नाही. बस तीनची होती. राजश्रीचा फोन नंबर त्याच्याकडं नव्हता. चंद्रम्माचं गाव चार किलोमीटर. तो चालायला लागला. पट्टी नऊला आवळली, आता सव्वाबारा. पोतं उचलताना तो कधी घाई करत नसे. आता पाय एकमेकांत अडकत होते. वाटेत दोनदा त्यानं अंगठ्यानं आपलंच मनगट चाचपलं. हाड कुठं आहे तेही नीट कळेना.

चंद्रम्मा घरात भिंतीला टेकून बसली होती. बोटं फुगलेली, नखं निळी. त्यानं हात लावला. गारवा तेवढा कळला.

"अक्का, बोटं हलव."

हलली नाहीत.

"मोडलंय म्हणून मला कामून सांगितली न्हाईस?"

"तू इचारलास कुठं, अण्णा? सुनेशीच बोलायलास."

राजश्रीनं कात्री आणली. त्यानं पट्टी कापली, वर दोन कामट्या सैल बांधल्या, हात गळ्यात अडकवला आणि शेजाऱ्याच्या ऑटोत दोघींना घेऊन तालुक्याचा दवाखाना गाठला. फोटो निघाला. मनगटाचं हाड मोडून वर सरकलं होतं.

"एवढं कुणी आवळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरीच बांधलाव, साहेब," राजश्री पटकन म्हणाली.

"मी बांधलो," नागनाथ म्हणाला. "मोडलेलं चोळलो, वरून आवळलो."

डॉक्टरांनी त्याच्याकडं एकदा बघितलं. "आणखी दोन-तीन तास गेले असते तर बोटं गेली असती. इकडं या. कोपराच्या वर धरा. मी ओढतो, तुम्ही ढिलं सोडू नका."

त्यानं धरलं. ही ताकद अजून होती. सुई दिलेली असूनही चंद्रम्मा कण्हत होती. डॉक्टरांनी हाड बसवलं, अर्धं प्लास्टर घातलं, ते घट्ट होईपर्यंत नागनाथ हलला नाही.

मग बोटं हलवून बघितली. अंगठा हलला, मधली तीन थोडी थोडी हलली. करंगळी हलली नाही.

"भाकर थापता येईल का?" चंद्रम्मानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांनी बघू. ती मात्र नागनाथकडं बघत होती.

रात्री त्यानं बायकोला आपल्या बधिर बोटांचं सांगितलं.

सकाळी अंगणात दोघं बसले होते. एकाचा पाय सुजलेला.

"फोटो काढून घ्या दवाखान्यात," नागनाथ म्हणाला.

"तुमचा हात असताना फोटो कामून?"

"हाताला कळंना झालंय."

त्यानं चपला घातल्या. करंगळी हलली का, ते बघायला चार किलोमीटर जायचं होतं.