पाच नाण्यांचा नमुना

चूक माझी नव्हती, हे मी आजही म्हणतो. बायकोचं मत वेगळं आहे. सावली गावच्या गिरणीवाल्या बाईंचं तर फारच वेगळं आहे. आणि एक्स्चेंजवाल्यांनी आपलं मत मांडलं तेव्हा मी ते पूर्ण वाचलं नाही, हे एवढंच काय ते माझ्याकडे येतं.

मूल गावात माझी लहानशी राइस मिल आहे. बापाकडून काही आलेलं नाही. पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि आज माझी पोती दुसरे उचलतात. तरी चंद्रपूरच्या व्यापाऱ्यासमोर बसलो की एक गोष्ट मला खाली पाहायला लावते. त्यानं माझ्या तांदळाची मूठ तळहातावर पसरली, की त्याचं बोट नेमकं एका काळ्या दाण्यावर जाऊन थांबतं. ‘भाऊ, हे काय?’ झालं, क्विंटलमागे भाव उतरला. ते बोट मी कित्येक वर्षं पाहतो आहे. बायका बसवून दाणा निवडून घेतला, चाळण्या बदलल्या, तरी एक काळा दाणा त्या बोटासाठी मागे राहतोच.

असा दाणा रंगावरून ओळखून हवेच्या झोतानं बाहेर फेकणारी मशीन येते. नवी घेणं मला झेपण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात कळलं की सावलीची एक मिल बंद होते आहे आणि तिथली अशी मशीन विकायला काढली आहे. तरुणपणी मी त्याच मिलमध्ये पोती वाहिली होती. मालक वारले, कारभार आता त्यांच्या पत्नीकडे. मंगळवारी सकाळीच मोटरसायकल काढली.

बाई ओसरीवर बसून वांगी चिरत होत्या. मशीन पाहून आलो तोवर त्यांचा भाव तयार होता.

“साडेचार लाख.”

“बाई, या भावात तं ही मशीन आपल्या पायानं चालत माझ्या घरी आली पायजे.”

“चालत नाई येत म्हणून तं साडेचार. चालत आली असती तं सहा म्हणले असते.”

दोन तास गेले. मी तीनदा उठून मोटरसायकलपर्यंत गेलो, दोनदा त्यांनी बोलावलं, तिसऱ्यांदा बोलावलं नाही म्हणून मीच किल्ली विसरल्याचं दाखवून परत आलो. शेवटी तीन लाख साठ हजारांवर सौदा ठरला. मनातून मी नाचत होतो. चेहरा मात्र मौतीला आल्यासारखा ठेवला.

“दहा हजार विसार ठेवून जा,” बाई म्हणाल्या.

मी ठेवला नाही. विसार दिला की माणूस बांधला जातो. उद्या मशीनचा एखादा भाग खराब निघाला तर भाव आणखी पाडायला तोंड राहत नाही. हा माझा जुना नेम आहे आणि त्यानं आजवर मला पैसाच मिळवून दिला आहे.

“मंग शुक्रवारी बारा वाजेपर्यंत पूर्ण पैसे खात्यात पायजे,” त्या म्हणाल्या. “चंद्रपूरचा एक जण दोनदा फोन करून राह्यला.”

“माझ्या शब्दावर भरोसा नाई का, बाई?”

“शब्दावर हाये ना. पण बारा वाजल्यावर तो शिळा होते.”

हातातला पैसा सगळा धानाच्या खरेदीत गुंतला होता. पण माझ्याकडे एक वेगळी शिल्लक होती. गेली काही वर्षं मी थोडी थोडी करून क्रिप्टो नाणी घेत आलो होतो. उड्या मारणारी नव्हेत, एक नाणं म्हणजे एक डॉलर अशी बांधलेली. ती एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे अशी नाणी विकली-घेतली जातात त्या ॲपवर घ्यायची आणि लगेच आपल्या फोनमधल्या वॉलेटमध्ये काढून आणायची. आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवू नये. आता ती विकायची तर उलट वाट: वॉलेटमधून एक्स्चेंजवर पाठवायची, विकायची, रुपये बँकेत घ्यायचे. अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

पण आमच्या धंद्यात ट्रक आधी कोणी पाठवत नाही. आधी नमुना जातो. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसायची, मूठभर दाणे काढून पुडी बांधायची, ती समोरच्याकडे पोचली, त्यानं ‘मिळाला’ म्हटलं, की मग गाडी भरायची. याच्यात वाद नाही. तेव्हा मंगळवारी दुपारी साडेचार हजारांवर नाण्यांतली फक्त पाच मी एक्स्चेंजच्या पत्त्यावर पाठवली आणि उत्तराची वाट पाहत बसलो.

वॉलेट म्हणालं, गेली. एक्स्चेंजवर शिल्लक शून्य.

पंधरा मिनिटं झाली. तास झाला. मी पत्ता ताडून पाहिला, पुढची चार अक्षरं, मागची चार अक्षरं, मग मधली सगळी. बरोबर. एका नाण्याला चार-चार रस्ते असतात, त्यांना नेटवर्क म्हणतात. चुकीच्या रस्त्यानं पाठवलं की माल रानात जातो. तेही तपासलं, दोन्हीकडे एकच रस्ता. अशा व्यवहारांची एक उघडी वही इंटरनेटवर असते, त्यात आपला व्यवहार क्रमांक टाकला की सगळं दिसतं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: यशस्वी. व्यवहार पक्का व्हायला जेवढ्या पावत्या, म्हणजे कन्फर्मेशन, लागतात त्याच्या दहापट झालेल्या. म्हणजे माल त्यांच्या दारात उतरला होता आणि घरधनी म्हणत होता, आमच्याकडे काही आलं नाही.

माझं डोकं फिरलं. ॲप काढून पुन्हा टाकलं, फोन बंद-चालू केला, तक्रार नोंदवली. आधी तिकडून कॉम्प्युटरच बोलत होता. ‘आपला संयम आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मी लिहिलं, माझ्याकडे तो नाही. कॉम्प्युटरनं पुन्हा तेच वाक्य पाठवलं.

बुधवारी एक खरा माणूस आला. त्यानं व्यवहार क्रमांक मागितला, दिला. पडद्याचा फोटो मागितला, दिला. मग वॉलेट उघडून दाखवतानाचा व्हिडिओ मागितला. मी बायकोला फोन धरायला लावून तोही काढला. त्यात मागून माझ्या शिव्या ऐकू येतात असं ती म्हणते. संध्याकाळी भलं मोठं इंग्रजी उत्तर आलं. पहिल्या दोन ओळींत ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं होतं. दिलगिरीनं सुरू होणारं पत्र मी पुढे वाचत नाही. चाळीस वर्षांत मला अशा पत्रातून पैसा आलेला नाही.

गुरुवारी सकाळी बायको वैतागली. “पाच नाण्यांसाठी सगळं काम थांबवून ठेवून राह्यले तुमी. बाकीचे पाठवून तं पाहा.”

“जो पाच गिळते, त्याले साडेचार हजार कायले देऊ?”

“गिळले का नाई, तेच तं माहीत नाई तुमाले.”

“नमुना पोचल्याशिवाय गाडी सोडली का मी कधी? तूच सांग.”

“गाडी सोडू नका,” ती म्हणाली. “मशीन सोडा. मंग मले नका सांगू.”

दिवसभर मी मिलमध्ये फेऱ्या मारल्या. दर दहा मिनिटांनी फोन पाहिला. हमालांवर ओरडलो, ते मला टाळून पोती रचू लागले. बाईंना फोन करून एक दिवस मागावा असं दोनदा वाटलं. पण मुदत मागणाऱ्याचा भाव वाढतो. मी तसाच वाढवत आलो आहे. फोन केला नाही.

शुक्रवारी सकाळी चंद्रपूर गाठलं. माझं टॅक्सचं काम पाहणाऱ्या एक मॅडम आहेत, माझ्या निम्म्या वयाच्या. असे नाण्यांचे व्यवहार त्याच भरून देतात. अकराला ऑफिस उघडलं, तोवर मी पायरीवर बसून होतो. त्यांनी माझा फोन घेतला, बुधवारचं उत्तर उघडलं आणि शांतपणे खालपर्यंत वाचलं.

“भाऊ, हे वाचलं का तुमी?”

“वाचलं.”

“पूर्ण?”

“वरच्या दोन ओळी.”

“या नाण्याचे कमीत कमी दहा आले पायजे, तवाच ते जमा दाखवते. तुमी पाच पाठवले. ते हरवले नाई, बाजूले ठेवून हायेत. अजून पाठवले का मागचे-पुढचे मिळून सगळे जमा होते. बुधवारीच सांगतलं तुमाले.”

“आधी काऊन नाई सांगतलं?”

“पत्ता घेता ना, त्याच्या खाली लिहून असते.”

मी पाहिलं. होतं. फिक्कट राखाडी अक्षरात, कणीपेक्षा बारीक. उन्हाळ्यात मी मोहफूलही घेतो, आणि माझ्या काट्यावरही पाटी आहे की पाच किलोच्या आत माल घेतला जाणार नाही. गडचिरोलीकडच्या गावांतून बायका दोन-अडीच किलो घेऊन पायी येतात, त्यांना मी परत पाठवतो, जमवून आण म्हणतो. पण माझी पाटी लाल रंगात हातभर अक्षरांची आहे, आणि जिला वाचता येत नाही तिला मी तोंडानं सांगतो. मॅडमला मी हे ऐकवलं. त्या घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, “अकरा वीस झाले, भाऊ.”

उरलेली सगळी पाठवली. नमुना पास न होता आयुष्यात पहिल्यांदा गाडी सोडली. अकरा चाळीसला एक्स्चेंजवर आकडा उमटला, त्या पाचांसकट. विकली, एक टक्का टॅक्स कापला गेला, रुपये बँकेकडे निघाले. ‘प्रक्रिया सुरू आहे.’ मी बाईंना फोन लावला.

“बाई, पैसे रस्त्यात हायेत.”

“कोणत्या रस्त्यात?”

“बँकेच्या. अर्ध्या तासात येते.”

“इथी एक जण सामने बसून हाये. त्याचे रस्त्यात नाई, खिशात हायेत. बारा वाजेपर्यंत थांबाले सांगतलं त्याले.”

बारा वाजून गेले तरी बँकेचा संदेश नाही. मी मोटरसायकलला किक मारली. मूलच्या अलीकडे जंगलात खिशात फोन थरथरला, सागाच्या झाडाखाली थांबून पाहिला. बारा वाजून पन्नास मिनिटं, रुपये जमा. तिथून सावलीपर्यंत मी गाडी कशी चालवली ते सांगण्यासारखं नाही.

मिलसमोर छोटा ट्रक उभा होता. मशीन चढवून झाली होती, चौघे दोर आवळत होते. विकत घेणारा माझ्याच वयाचा, खांद्यावर दुपट्टा, पान खात उभा. मी वेळ घालवला नाही.

“नफा घ्या आणि इथीच उतरवा. किती?”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझा श्वास लागलेला, अंगावर धूळ. असं गिऱ्हाईक मला मिळालं तर मी काय करतो, मला माहीत आहे.

“चार लाख.”

“तीन सत्तर.”

“चार.”

“तीन ऐंशी. तुमचं भाडं वाचते, डिझेल वाचते.”

“भाऊ, चार.”

खात्यात चार होते. थोडे वरच होते. त्या बोटासाठी, त्या काळ्या दाण्यासाठी चार कमीच होते, हे मला तिथे उभ्या-उभ्याही कळत होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात ओसरीवरून बाई म्हणाल्या, “देऊन टाका ना भाऊ. माझ्या साडेचारपेक्षा अजून स्वस्तच हाये.”

दोर आवळणारा एक जण हसला.

“तीन नव्वद,” मी म्हणालो. “वर एक रुपया नाई.”

त्यानं पानाची पिंक टाकली आणि ड्रायव्हरला हात केला.

बाईंनी चहा विचारला. मी नाही म्हटलं. एक्स्चेंजला शिव्या देत मोटरसायकल वळवली, आणि मूलच्या वाटेवर चार-पाच किलोमीटरवरच तो ट्रक पुढे लागला. भार जास्त होता, चाल हळू होती. मला सहज पुढे काढता आलं असतं. दोनदा हॉर्नवर अंगठा गेलाही. वाटलं, गाडी आडवी घालावी, म्हणावं, घे चार. मग बाईंचं ते वाक्य आठवायचं आणि अंगठा परत यायचा. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं, त्याखालून मशीनचा निळा पत्रा दिसायचा, झाकायचा. मूलपर्यंत असंच चाललं. चौकात मी माझ्या मिलकडे वळलो. ट्रक सरळ चंद्रपूरकडे गेला.